धर्मादा खात्यावरची मांजरं

म्हाताऱ्या मांजराच्या औषधपाण्याचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न मुंबईने एके काळी बऱ्यापैकी सोडवला होता. तो पाळणाऱ्याने एकट्याने सोसायचा नाही, बाजाराने वाटून घ्यायचा, असं ते उत्तर होतं. कापसामागे, साखरेमागे, हुंडीमागे थोडं थोडं बाजूला पडायचं आणि त्यातून लंगड्या, आंधळ्या, थकलेल्या जनावरांचं पोट चालायचं. या व्यवस्थेच्या मागे मी हौसेने लागले नाही. गरज पडली म्हणून लागले.

माझी सगळी हयात गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. छापखान्यात मांजर लागतंच. खाली कागदाच्या रिमा रचलेल्या आणि वर बांधणी खात्यात मैद्याची खळ शिजवून ठेवलेली, मग उंदीर का नाही येणार? खळ लावलेला पुठ्ठा रात्रीत कुरतडला गेला की ती प्रत बादच. म्हणून मालकांनी चहाच्या खात्यातून मांजरांना रोज पावशेर दूध लावून दिलं होतं. लंडनच्या मनीऑर्डर कचेरीत उंदरांनी उच्छाद मांडला तेव्हा १८६८ साली तिथल्या पोस्टखात्यानेही तीन मांजरांसाठी आठवड्याला एक शिलिंग मंजूर केला होता, हे मी पुढे कधीतरी वाचलं. कामाच्या मांजराचं दूध कुठेही निघतं. प्रश्न येतो तो ते काम करेनासं झाल्यावर.

आमचा छापखाना बंद झाला आणि मी निवृत्त झाले, ते एकाच वर्षी. यंत्रं भंगारात गेली, खिळ्यांचं शिसं वजनावर विकलं गेलं. बांधणी खात्यातली ठमी मी घरी लालबागला आणली. तेव्हा ती तीन वर्षांची होती, आता सोळावं चालू आहे. मला भविष्य निर्वाह निधीची पेन्शन मिळते ती महिना दोन हजार शंभर. ग्रॅच्युइटी आणि साठवलेले मिळून नऊ लाख रुपये पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत आहेत, त्यांचं ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १८,४५० रुपये व्याज येतं. पागडीची खोली असल्यामुळे भाडं नाममात्र आहे. एकटीचं भागतं. कुणापुढे हात पसरावा लागत नाही, याचा मला अभिमानही आहे.

मागच्या वर्षी ठमी पाणी फार पिऊ लागली. मोरीतल्या बादलीवर चढून प्यायची, बाथरूमच्या फरशीवरचं चाटायची. पाठीचा कणा हाताला लागू लागला, तोंडाला वास यायला लागला. जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. क्रिएटिनिन ३.६ निघालं, दोन्ही मूत्रपिंडं आकसलेली. तीन दिवस भरती ठेवून शिरेतून सलाईन द्यायचं ठरलं आणि काउंटरवरच्या मुलीने अंदाजपत्रक पुढे सरकवलं ते अठरा हजारांचं. माझं अख्ख्या तिमाहीचं व्याज. मी विचारलं, थोडं कमी नाही का होणार? ती म्हणाली, "मॅडम, एवढं वय झालंय तिचं, तुम्हीच विचार करा." त्या मुलीचा राग मला आजही येतो. वय झालं म्हणून औषध नको, हा न्याय लावायचा तर तो माझ्यापर्यंत यायलाही वेळ लागणार नाही.

त्या संध्याकाळी मला वडिलांचा शब्द आठवला: बैलघोडा हॉस्पिटल. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय गिरणगावातल्या कुणालाही या पूर्ण नावाने माहीत नाही. वडील गिरणीत होते, त्यांच्या तोंडी कायम बैलघोडाच असायचं. दुसऱ्या दिवशी ठमीला भाजीच्या जाळीच्या टोपलीत घालून, वरून पंचा बांधून तिथे घेऊन गेले. केसपेपर काढला आणि रांगेत बसले. माझ्या एका बाजूला बुटांच्या खोक्यात मांज्याने पंख कापलेलं कबूतर घेऊन दोन शाळकरी मुलं बसली होती, दुसऱ्या बाजूला पाय सुजलेली शेळी. समोर झाडाखाली एक घोडा उभा होता, त्याच्या खुराशी वाकून एक शिकाऊ मुलगी काम करत होती. तिथल्या डॉक्टरांनी ठमीला तपासलं आणि म्हणाले, "आजी, भरती कशाला? मी तुम्हाला कातडीखाली सलाईन द्यायला शिकवतो, घरी देत जा."

हे रुग्णालय इथे कसं आलं, कुणाच्या पैशाने आलं, याचा माग मी त्या दिवसापासून काढू लागले. मुद्रितं तपासणाऱ्याला संदर्भ शोधायची सवय असते आणि माझ्याकडे वेळही होता.

सुरुवात कुत्र्यांपासून होते. कंपनी सरकारने मुंबईतली बेवारशी कुत्री मारायचा हुकूम काढला होता. १८३२ सालच्या जूनमध्ये शिपाई कुत्री मारत फिरू लागले, तसे कोटातले पारशी रस्त्यावर उतरले. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. हिंदू, जैन, मुसलमानही त्यांना मिळाले, दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली आणि शेवटी लष्कर आणावं लागलं. दंग्यात पकडलेल्यांना शिक्षा झाल्या. पण शहरातल्या शेठ लोकांनी त्यापुढे जाऊन विचार केला. सरकारला कुत्री रस्त्यावर नकोत आणि आम्हाला ती मारलेली चालत नाहीत, तर मग त्यांना ठेवायला जागा करू. १८३४ साली भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. पुढाकार जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद आणि जमशेटजी जीजीभाई यांचा. एक जैन, एक पारशी, दोघेही कापूस आणि अफूच्या व्यापारातले. अफूचा पैसा चीनमध्ये काय करून आला ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्यातला काही भाग भुलेश्वरच्या गल्लीत लंगड्या जनावरांच्या चाऱ्यावर खर्च झाला, ही नोंद खोडूनही चालणार नाही.

खरी महत्त्वाची गोष्ट देणगीची नाही, लाग्याची आहे. एखाद्या शेठने एकदा मोठी रक्कम द्यावी, त्याचं नाव संगमरवरावर कोरावं, आणि चाळीस वर्षांनी ती रक्कम महागाईत विरून जावी, असं आपल्याकडे अनेक संस्थांचं झालं आहे. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून व्यवहारावरच लागा बसवला. माल विकला गेला की त्या मालामागे ठरलेले पैसे पांजरपोळीचे. बिलात वेगळी ओळ असायची, धर्मादा. विकणारा ती लिहायचा, घेणारा भरायचा, दोघांनाही जड जायचं नाही आणि बाजार चालू आहे तोवर खातं आटायचं नाही. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका कच्छी शेठचं किराणा दुकान आहे. त्यांना मी हे सांगायला गेले तर त्यांनीच मला पुढचं सांगितलं. "मावशी, माझे आजोबा दाणाबंदरला होते. त्यांच्या वह्यांत गोणीमागे धर्मादा लिहिलेला मी लहानपणी पाहिलाय. ते पैसे घरात आणायचे नाहीत, पाप लागतं, असं आजी म्हणायची." पुस्तकात वाचलेली गोष्ट जिन्याखालच्या दुकानात अशी निघावी, याचा मला फार आनंद झाला.

ही कल्पना मुंबईने शोधलेली नाही. ती गुजरातेतून आली. राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी १५८३ साली दीव, दमण, वसई, ठाणं, चौल करत गोव्याला पोचला आणि पोर्तुगीजांनी त्याला तुरुंगात टाकलं. त्याला जामिनावर सोडवायला धावला तो फादर थॉमस स्टीफन्स. पुढे ख्रिस्तपुराण लिहून मराठीची थोरवी गाणारा तोच. तर या फिचने खंभातविषयी लिहिताना नमूद केलं आहे, की तिथे कुणी जीव मारत नाही आणि लंगडी कुत्री, मांजरं आणि पाखरं ठेवायला गावात इस्पितळं आहेत. पुढे कूचबिहारकडे गेल्यावरही त्याने तसंच पाहिलं, जनावर म्हातारं झालं तरी मरेपर्यंत सांभाळतात म्हणून. आपल्या देशाविषयी परदेशी माणसांनी लिहिलेलं मी बरंच तपासलं आहे, त्यात बरंवाईट दोन्ही असतं. पण सोळाव्या शतकातल्या एका परक्या प्रवाशाला म्हाताऱ्या, निरुपयोगी मांजराची सोय नोंदण्यासारखी वाटली, यावर मी बराच वेळ थांबले. त्याच्या देशात तशी सोय नव्हती, म्हणून तर त्याने लिहिलं.

त्याहून मागे गेलं तर अशोक आहेच. माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा आपण सुरू केली, औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या, असं तो गिरनारच्या लेखात सांगतो. आपल्या सोपाऱ्यालाही त्याच्या लेखांचे तुकडे सापडले, पण ते आठव्या आणि नवव्या लेखाचे. पशुचिकित्सेचा दुसरा लेख तिथे हाती लागलेला नाही. शास्त्रग्रंथ पाहावेत तर शालिहोत्राचा घोड्यांवर आहे, पालकाप्याचा हत्तींवर आहे. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला, त्याची प्रत मी हाताळली आहे, मोठं देखणं काम आहे. ज्या जनावरावर राज्य चालतं त्याला वैद्य होता. मांजरासाठी आपल्या लोकांनी एकच नियम केला, तो मारण्याबद्दलचा: हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यायचं. या भीतीने कितीतरी मांजरं वाचली असतील. पण आजारी मांजराला काय द्यायचं, हे त्यात कुठेच नाही.

पांजरपोळीतही ते नव्हतं, आणि इथे मला पांजरपोळीच्या बाजूने सरसकट बोलता येत नाही. जागा होती, चारा होता, जीव न मारण्याची हमी होती. वैद्य नव्हता. मोडलेला पाय तसाच घेऊन जनावर पडून असायचं. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ पासून दहा वर्षं जे. जे. स्कूलमध्ये शिकवत होता. ती शाळाही जमशेटजी जीजीभाईंच्याच देणगीतून निघालेली. त्याने १८९१ साली भारतातल्या माणसं आणि जनावरांवर पुस्तक काढलं, त्यात पांजरपोळांवर कडक टीका केली. जिवंत ठेवलं म्हणजे दया झाली का, हा त्याचा आक्षेप रास्त होता. ज्या मांजराला तोंडाच्या फोडांनी घास गिळता येत नाही त्याला नुसतं आवारात सोडून दूध पुढे ठेवणं ही दया नाही. उपचार हवा, आणि उपचाराने भागत नसेल तर शेवटची सुई देण्याचंही धैर्य हवं. आमच्या चाळीतले काही लोक या वाक्यावर माझ्याशी बोलेनासे होतील, पण मला तसंच वाटतं.

चारा आणि वैद्य ही दोन टोकं जोडली गेली ती १८७४ नंतर. त्या वर्षी मुंबईत दोन गोष्टी सुरू झाल्या. घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धची संस्था, आपण जिला बीएसपीसीए म्हणतो, ती स्थापन झाली. ट्राम कंपनीच्या पागेत नऊशेच्या आसपास घोडे होते. त्यात बंदरावरचे खटारे ओढणारे बैल आणि व्हिक्टोरिया गाड्यांची जनावरं मिळवा. लंगडा बैल जुंपला म्हणून गाडीवानाला पकडायचं ठरलं, तर त्या बैलाला नेऊन बांधायचं कुठे? १८८०च्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांनी परळला जागा आणि पैसा दिला आणि पत्नी साकरबाईंच्या नावाने जनावरांचं रुग्णालय उभं केलं. पेटिट म्हणजे गिरण्यांचे राजे. म्हणजे हा पैसाही कापसाचाच. भुलेश्वरला कापसावर लागा होता, परळला कापसाच्या नफ्यातून इमारत आली.

रुग्णालयाला लागूनच १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. पहिला प्राचार्य लष्करातला पशुवैद्य जॉन हेन्री स्टील. बर्मामधल्या लष्करी खेचरांना होणाऱ्या सर्रा रोगावर त्याने काम केलेलं होतं. अभ्यासक्रम काय असणार ते यावरून कळतं: घोडा, बैल, खेचर. चूक काहीच नव्हती. बुळकांडीने गावंच्या गावं ओस पडत होती, शेतकऱ्याचा बैल गेला की शेती गेली. १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली, ती चार वर्षांनी कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला हलवली. आज जी भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था आहे तिचं मूळ ते. बुळकांडी देशातून पूर्ण गेल्यावर २००६ साली तशी घोषणा झाली. एवढ्या मोठ्या कामात मांजराचा धडा कुणी घ्यावा अशी अपेक्षा करणं बरं नव्हे. फरक इतकाच, की सरकारी पैसा उपयोगाच्या जनावरामागे जायचा आणि धर्मादा पैसा कुठल्याही जनावरामागे. परळच्या फाटकातून बैलाच्या पाठोपाठ मांजर आत येऊ शकलं ते दुसऱ्या प्रकारच्या पैशामुळे.

मांजराला एकदाच काही काळ सरकारदरबारी भाव आला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, या रुग्णालयापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, १८९९ पासून संशोधक हाफकिन प्लेगची लस बनवू लागले. पुढे उंदीर आणि त्यांच्यावरच्या पिसवा यांच्यावर ठपका आला, तेव्हा अमरावतीला असलेले सरकारी डॉक्टर अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी मांजरांची बाजू घेतली. ज्या गावांत मांजरं जास्त तिथे प्लेग कमी, असं त्यांनी वऱ्हाडातल्या गावांत पाहून मांडलं आणि १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यावर लिहिलं. प्लेग मांजरांनी थांबला नाही, ते पुरेसं नव्हतंच. पण वऱ्हाडातल्या घराघरांत किती मांजरं आहेत हे एक सिव्हिल सर्जन विचारत फिरला, हे चित्र मला आवडतं.

तिकडे लंडनमध्ये १९१७ साली मरिया डिकिन या बाईंनी व्हाइटचॅपलच्या गरीब वस्तीत एका तळघरात फुकट दवाखाना उघडला. तिची दृष्टी आपल्यापेक्षा वेगळी होती. आपल्याकडे जनावराची दया आली म्हणून पैसा उभा राहिला, तिने जनावराच्या गरीब मालकाकडे पाहिलं. ज्याच्याकडे डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत त्याचंही मांजरावर प्रेम असतं, हे तिने धरून चाललं आणि त्याला खाली मान घालायला लावलं नाही. ती संस्था आजही तिकडे चालू आहे. परळच्या रांगेत बसल्यावर मला त्या बाईंची आठवण येते.

मग आपल्याकडचं खातं आटलं कसं? एक कारण सरळ आहे: ज्या बाजाराच्या जिवावर ते चालत होतं तो बाजारच उठला. कापसाचा वायदा गेला, दाणाबंदरचा घाऊक व्यापार नवी मुंबईत गेला, १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या. भुलेश्वरची पांजरपोळ आहे, तिथे आता गाई आहेत. चेंबूरला पांजरपोळ म्हणजे बसचा थांबा आणि पूर्व मुक्तमार्गाचं तोंड एवढंच नव्या माणसाला माहीत असतं. दुसरं कारण मला जास्त गुंतागुंतीचं वाटतं. मांजर चाळीचं होतं तोवर त्याचा खर्चही चाळीचा होता. कुणी माशांची डोकी टाकायचं, कुणी दूध. ते एका दाराचं झालं, त्याला नाव, लस आणि टोपली मिळाली, तसं ते जगूही जास्त लागलं. मी लहान असताना सोळा वर्षांचं मांजर ऐकलंसुद्धा नव्हतं. म्हातारं मांजर हा वैद्यकातलाही नवा रोगी आहे. मांजरांना उतारवयात थायरॉइडचा विकार होतो, हे न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९७९ साली पहिल्यांदा मांडलं. माणसाच्या गोळ्या त्यांना चालत नाहीत, पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. हे मी शेजाऱ्यांना वारंवार सांगते, कारण ताप आला की आपला हात पहिल्यांदा त्याच डबीकडे जातो. ज्ञान वाढलं, यंत्रं आली, आणि ही यंत्रं फुकट येत नाहीत. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं पाच मजली रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं, १६५ कोटींचं. पारशी देणगीची परंपरा एवढ्या मोठ्या रूपात या शहरात पुन्हा दिसली, याचं मला समाधान आहे. पण इमारत देणगीने उभी राहते, रोजचं सलाईन कशाने उभं राहणार? त्यालाच तर लागा होता.

रोजचं म्हणजे काय ते सांगते. रिंगर लॅक्टेटची बाटली आधी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, मनगटावर थेंब टाकून पाहायचा. ठमीला मांडीवर घ्यायची, तोंड माझ्या पोटाकडे. खांद्यांच्या मधली कातडी दोन बोटांनी उचलली की तंबूसारखी पोकळी होते, सुई त्यात आडवी सारायची. घाबरून उभी सारली तर ती पलीकडून बाहेर निघते आणि सगळं पाणी केसांत जातं. बाटली खिडकीच्या गजाला टांगलेली असते. शंभर मिलिलीटर जाईपर्यंत मी तिच्या कानामागे खाजवत राहते. पाण्याची गाठ खाली पुढच्या पायाकडे उतरते आणि तासा-दोन तासांत जिरते. मग ती उठते, अंग झाडते आणि वाटीकडे जाते. बाटलीला सत्तर रुपये, नळीला आणि सुईला वेगळे. मूत्रपिंडाचं विशेष खाद्य मला परवडत नाही, ते थोडं आणून उकडलेल्या कोंबडीत मिसळते. डॉक्टरांनी चालेल म्हटलंय. क्रिएटिनिन आता ३.१ आहे.

हे सगळं मी कच्छी शेठना सांगत होते तेव्हा त्यांच्या गोणीवर त्यांची मनी झोपली होती, तीही बारा वर्षांची. तिसऱ्या मजल्यावरच्या सुमनकडे दोन आहेत, तिचा नवरा बेस्टमधून निवृत्त झाला आणि थकबाकीची वाट पाहतोय. आम्ही तिघांनी मिळून एक वही घातली. सुमन आणि मी महिन्याला दीडशे रुपये टाकतो, शेठ तांदळाच्या गोणीमागे एक रुपया. वहीवर शेठनीच स्वतःच्या अक्षरात 'धर्मादा' लिहिलं. बाटल्या खोक्याने घेतल्यावर औषधवाला थोडं कमी करतो. रक्त तपासायची वेळ आली की वहीतून निम्मे, ज्याचं मांजर त्याचे निम्मे, असं ठरलं आहे. पुढे पहिल्या मजल्यावरच्या नाईकवहिनी आल्या, त्यांच्याकडे मांजर नाहीच, तरी पन्नास देतात.

वाद झाला तो मागच्या महिन्यात, कुणाचाच नसलेल्या बोक्यावरून. मागच्या गल्लीत राहतो, दात किडलेत, तोंडातून लाळ आणि रक्त येतं. सुमन म्हणाली, वही आपल्या मांजरांसाठी आहे, असं करत गेलो तर चार महिन्यांत रिकामी होईल. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, तिच्या घरचा हिशेब मला माहीत आहे. मी तिला १८३४ सालचं सांगू लागले, की तेव्हाचं खातं मुळात बेवारशी जनावरांसाठीच निघालं होतं. ती म्हणाली, "ताई, तेव्हा अफू होती." शेवटी शेठ म्हणाले, दिवाळीपर्यंत गोणीमागे दोन रुपये करू. बोक्याचे दात पुढच्या मंगळवारी परळला काढायचे आहेत. टोपली माझी, टॅक्सी शेठची, आणि त्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला कोंडायचं कुठे ते अजून ठरलेलं नाही.